बालगंधर्वची बाल्कनी की सुदर्शनची पहिली रांग?

नाट्यशास्त्राच्या पहिल्या वर्षात मी पुण्यात दोन प्रकारे नाटकं बघितली: बालगंधर्व रंगमंदिराच्या बाल्कनीतून आणि शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर, नटाच्या अगदी पुढ्यात बसून.

बालगंधर्व 1968 सालचं. तिसरी घंटा, वर जाणारा पडदा आणि मध्यंतरातला बटाटेवडा, हा सगळा थाट मला आवडतोच. पण बाल्कनीतून नटाचे डोळे दिसत नाहीत. दिसतो तो देह, त्याची चाल, वळणं. तिथे मी एकच गोष्ट शिकले, पण पक्की: हशा उसळला की नट थांबतो आणि तो पूर्ण ओसरायच्या आत पुढचं वाक्य टाकतो. हे टायमिंग वर्गात कितीही समजावलं तरी कळत नाही.

सुदर्शनमध्ये उलटं. तिथे पडदा नाही, अंतर नाही. एका प्रयोगात नटी नुसती भाजी निवडत बसली होती, बराच वेळ, एक शब्द न बोलता. देठ मोडल्याचा आवाज ऐकू येत होता. मी श्वास रोखून बसले होते, कारण माझा खोकलासुद्धा त्या प्रसंगात शिरला असता. नंतर वहीत काय लिहावं तेच सुचेना. फक्त ‘हात’ एवढंच लिहिलं.

आईला घेऊन जायचं तर बालगंधर्व. वही घेऊन एकटीनं जायचं तर सुदर्शन, आणि पहिलीच रांग.