पावसाच्या पाण्याचा अभ्यास आधी कुणापुढे मांडाल: अभियंत्यांपुढे की रहिवाशांपुढे?

पावसाळा संपलाय. नवी मुंबईतल्या एखाद्या धारण तलावाची, म्हणजे पावसाचं पाणी तात्पुरतं साठवणाऱ्या तळ्याची, मोजमापं तुमच्या हातात आहेत. आता पालिकेच्या अभियंत्यांची वेळ मागायची, की सोसायट्यांच्या सभांना जायचं? मी दोन्ही करून पाहिलंय.

अभियंत्यांना अपवाह गुणांक (पडलेल्या पावसातलं किती पाणी वाहून जातं ते प्रमाण) समजावून सांगावा लागत नाही, आणि काम शेवटी त्यांच्याच हातून होणार असतं. पण त्यांना वेळ नसतो. माझे आलेख बाजूला ठेवून एका कनिष्ठ अभियंत्यांनी विचारलं, "पाणी कुठल्या चेंबरपासून मागे फिरतं, तेवढं दाखवा." मी नकाशावर पेन्सिलीने चार गोल केले. तो कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. अहवाल टेबलावरच राहिला.

रहिवाशांकडे गुणांक नेऊ नका, वस्तू न्या. या शहराचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर आहे. म्हणून सिडकोने डच पद्धतीचे धारण तलाव बांधले आणि त्यांच्या तोंडाशी झडपा बसवल्या. भरती आली की खाडीचं पाणी झडप दाबून बंद करतं. ओहोटीला तलावातलं पाणी तीच झडप ढकलून बाहेर पडतं. मी प्लास्टिकच्या टबात मधोमध फळी लावली, तिला भोक पाडलं आणि त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा एका कडेने चिकटवला. दोन्ही बाजूंनी आळीपाळीने पाणी ओतलं. पुढच्या रांगेतल्या आजी लगेच म्हणाल्या, "म्हणजे भरतीच्या वेळी पाऊस आला तर पाणी तळ्यातच तुंबणार. आणि तळं गाळाने भरलेलं असेल तर आमच्या दारात!" अख्खा अभ्यास त्यांनी दोन वाक्यांत सांगितला.

गाळाचा विषय मात्र लोकांपुढे जपून आणि पूर्ण मांडा. तलावांतल्या गाळावर कांदळवन उगवलंय, आणि ते तोडायचं तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. अभियंत्यांना हे पाठ असतं. रहिवाशांना फक्त 'गाळ काढत नाहीत' एवढंच दिसतं. अर्धी गोष्ट ऐकवलीत, तर सगळा राग एक तर पालिकेवर निघतो, नाही तर झाडांवर.

पाणी कुठे साचतं याचा रंगीत नकाशा मोबाईलवर पाठवून मोकळं होण्याचा मोह टाळा. तो पुढे पुढे जाताना तारीख आणि भरतीची वेळ गळून पडते, आणि आपली इमारत लाल रंगात दिसली की माणसं घाबरतात.

माझं मत विचाराल, तर आधी रहिवासी, तेही ऑक्टोबरातच. पाणी कितव्या पायरीपर्यंत चढलं हे तेव्हा लोकांना आठवतं, आणि मोबाईलमधल्या फोटोंवर वेळ असते. ती माहिती तुमच्या मोजमापांत नसते. त्यावरून नकाशा दुरुस्त करून डिसेंबरात अभियंत्यांकडे जा. पालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या सुमारास मांडलं जातं आणि नालेसफाई मेअखेर उरकायची असते, त्यामुळे मार्चमध्ये गेलात तर उशीर झालेला असतो. अपवाद एकच: झडप नादुरुस्त किंवा पंप बंद दिसला, तर सभेची वाट पाहू नका, त्याच दिवशी कळवा. अभियंत्यांकडे जाताना अहवाल नको. एक पानी नकाशा, त्यावर चेंबरचे क्रमांक, आणि मागच्या बाजूला लोकांनी दिलेले फोटो, तारीख-वेळेसकट.