पॉइंट आणि कार्बोरेटरवाली जुनी चार सिलिंडर गाडी: ट्यूनिंगनंतरचे ८ महिने

८ महिने आणि सुमारे ६,००० किलोमीटर झाल्यावर एक मत पक्कं झालं: कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) माथी मारले जाणारे बरेचसे दोष इग्निशनचे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचे असतात. म्हणून मिक्श्चर स्क्रूला (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) हात सगळ्यात शेवटी.

आधी टॅपेट (व्हॉल्व्हजवळची ठरावीक फट), मग पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क), मग टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), मग कार्बोरेटर. पॉइंटचा गॅप वाढला की टायमिंग पुढे जातं, कमी झाला की मागे. त्यामुळे क्रम उलटा केला तर सगळं पुन्हा करावं लागतं.

मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं नसेल तर टॅपेट थंड इंजिनवरच. ८ व्हॉल्व्हच्या बहुतेक सरळ रांगेतल्या इंजिनांना ९ चा हिशोब चालतो, म्हणजे दोन व्हॉल्व्हच्या क्रमांकांची बेरीज ९: पहिला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना आठव्याचा गॅप, तिसरा उघडा असताना सहाव्याचा. शंका असेल तर किंचित सैल ठेवा. सैल टॅपेट टकटक करून सांगतो तरी, घट्ट राहिलेला व्हॉल्व्ह गुपचूप जळतो.

प्लग साधे कॉपरचेच घेतले, गॅप ०.६५ मिमी. इरिडियमने अशा इग्निशनवर सांगण्यासारखा फरक पडला नाही. कंपनी बदलताना मात्र हीट रेंज (प्लग उष्णता किती लवकर सोडतो ते) तपासाच. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलट.

खरी परीक्षा पॉइंटची झाली. पहिल्या सेटची फायबरची टाच ३ महिन्यांत झिजली, गॅप ०.४५ वरून ०.३८ वर आला आणि टायमिंग सुमारे ४ अंश मागे गेलं. चढावर पिकअप मेला, इंजिन जास्त तापू लागलं; बघणारा कार्बोरेटरच खोलेल अशी लक्षणं. दुसऱ्या सेटला कॅमवर (पॉइंट उघडणारा, टाच घासते तो फिरता भाग) तांदळाच्या दाण्याएवढं उष्णतेला टिकणारं ग्रीस लावलं आणि तो अजून ०.४३ वर आहे. ग्रीस याहून जास्त नको, उडून पॉइंटवर बसलं की ते जळतात. नवे पॉइंट बसवण्याआधी त्यांच्यावरचा गंजरोधक तेलाचा थर पुसा. तो राहिला तर गाडी सुरूच होत नाही आणि दोष भलतीकडेच शोधला जातो.

पॉइंट उघडून पाहिले तर कधी एका टोकावर टेंगूळ आणि समोरच्यावर खड्डा दिसतो. हे कंडेन्सरचं (पॉइंटवरची ठिणगी शोषणारा छोटा विद्युत भाग) मूल्य जुळत नसल्याचं लक्षण. टेंगूळ बारीक कानशीने घासल्याशिवाय फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) खोटा गॅप दाखवतो. पॉइंट करडे आणि सपाट झिजत असतील तर जुना कंडेन्सर काढूच नका. नव्या सेटसोबत आलेला हलका कंडेन्सर बसवल्यावर दोन आठवड्यांत गरम इंजिन मिस करू लागलं, म्हणजे मधूनच ठोका चुकवू लागलं. जुना परत लावला, मिसिंग थांबलं. आता बदलायचा झालाच तर ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासचा, भरीव बांधणीचाच घ्यायचा, आणि चालणारा जुना गाडीत सुटा ठेवायचा.

टायमिंग पाहताना डिस्ट्रिब्युटरला (पॉइंट असलेला भाग) जाणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा. मिक्श्चर मात्र गरम इंजिनवर आणि एअर फिल्टर लावूनच. मिक्श्चर स्क्रू अलगद पूर्ण आत बसवून दीड फेरा बाहेर, तिथून आरपीएम सर्वांत वाढेपर्यंत फिरवा, मग स्लो स्क्रूने आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) खाली आणा. १०–१५ किलोमीटर चालवून प्लग काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर थांबा. सुकी काजळी दिसली तर स्क्रू पाव फेरा आत.