ज्यू धर्माची ओळख करून देणारा ऑनलाइन कोर्स: नागपुरात बसून करण्यासारखा आहे का?

नागपुरात सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) नाही, त्यासाठी पुणे नाहीतर मुंबई गाठावी लागते, त्यामुळे ज्याच्या मनात ज्यू धर्म स्वीकारायचा विचार खरंच घर करून बसलाय त्याला सुरुवात घरूनच करावी लागते. मी न्यूयॉर्कच्या एका रब्बींचा (ज्यू धर्मगुरूंचा) बेसिक कोर्स केला, माझ्याकडून 5 पैकी 4.

सगळ्यात आवडलं ते हे की पहिल्याच क्लासला रब्बींनी सांगितलं, चांगला माणूस व्हायला ज्यू व्हायची गरज नाही, नोहाचे सात नियम (सगळ्याच माणसांसाठीचे, जसं खून करू नये, चोरी करू नये) पाळले तरी पुरे. जुनी रीत तर अशी की येणाऱ्याला तीनदा परत पाठवायचं. आणि हेही स्पष्ट सांगितलं की कोर्स संपला म्हणजे तुम्ही ज्यू झालात असं नाही, पुढे एखाद्या समाजात राहून निदान वर्षभराचे सगळे सण जगायचे, मग तिघांचं बेत दिन (धार्मिक न्यायमंडळ) तुमच्याशी बोलणार, मिक्वेत (शुद्धीच्या कुंडात) बुडी, पुरुष असेल तर सुंता. रिफॉर्म किंवा कॉन्झर्व्हेटिव्ह या ज्यू पंथांच्या पद्धतीने झालेलं धर्मांतर जुन्या रीतीचे ऑर्थोडॉक्स लोक मानत नाहीत हे पण आधीच सांगितलं, लपवलं नाही. आपल्या नागपुरात धर्म बदलणं म्हटलं की डोळ्यांसमोर दीक्षाभूमी येते, 14 ऑक्टोबर 1956, बाबासाहेबांसोबत लाखो लोक एका दिवशी. इथे मात्र एकेकट्याने हळूहळू चालायचं असतं. आईने विचारलंच, "काहून गं, आपल्यात काय कमी आहे?" तिला उत्तर द्यायला मला वेळ लागला, पण या कोर्समुळे निदान मला काय हवंय ते नीट सांगता आलं.

शब्बातचा, म्हणजे दर आठवड्याच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाचा भाग एकदम मस्त. शुक्रवारी सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी दिवे लावायचे, शनिवारी रात्री तीन तारे दिसेपर्यंत शब्बात. पण धर्मांतर पूर्ण होईपर्यंत सगळाच्या सगळा पाळायचा नसतो, शब्बातला वर्ज्य असलेलं एखादं काम मुद्दाम करायचं, हे मला माहीतच नव्हतं. इथे एक महत्त्वाचं, मुंबईची वेळ नागपूरला चालत नाही! आपल्याकडे सूर्य बारा महिने वीसेक मिनिटं तरी आधी मावळतो, म्हणजे मुंबईच्या वेळेला दिवे लावले तर इथे शब्बात सुरू झालेला असतो. हिबकॅल (Hebcal) या ज्यू कॅलेंडरच्या वेबसाइटवर नागपूर टाका, बरोबर वेळ मिळते, फुकट आहे. ज्यू धर्मग्रंथ वाचायला सेफारिया (Sefaria) ही वेबसाइट, तीही फुकट.

कश्रूतचा (काय खायचं, काय नाही या नियमांचा) क्लास मात्र पूर्ण अमेरिकेच्या हिशोबाने होता, कुठल्या पाकिटावर कुठला शिक्का बघायचा वगैरे, जे इतवारीच्या बाजारात काही कामाचं नाही. शेखिता केलेलं, म्हणजे ज्यू पद्धतीने कापलेलं मटण इथे मिळणार कुठून, म्हणून सावजी बंद, घरी सध्या वरण-भात-भाजीच चालून राहिली, आणि शाकाहारी राहिलं की दूध आणि मांस वेगळं ठेवायचा प्रश्नही मिटतो. फळ खाण्याआधी म्हणायची ब्राखा (आशीर्वचन) मी संत्र्यावर शिकले, बोरे प्री हाएत्स, ते किती छान वाटलं सांगू.

एक गोष्ट मनापासून खटकली. भारतातल्या ज्यूंवर एक ओळही नाही! अहो कोकणातले बेने इस्राएल ज्यू पिढ्यान् पिढ्या मराठी बोलतात, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली म्हणायचे त्यांना, आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर, एलियाहू या प्रेषिताच्या नावाने मलिदा (गोड पोह्यांचा नैवेद्य) करतात. 1874 ची पुण्यात छापलेली पेसाख सणाची हगादा (त्या रात्री वाचायची पोथी) आहे, हिब्रूसोबत मराठी, चित्रात साडी नेसलेल्या बाया मत्झा (सणाची बिनखमिराची पोळी) करताना दिसतात. मी ते चित्र आईला मोबाईलवर दाखवलं, तिने झूम करून पाहिलं आणि म्हणाली की ह्या तर आपल्यासारख्याच दिसतात. रब्बींना लिहिलं तर त्यांनी पुढच्या बॅचला घेऊ म्हटलं, घेतील असं वाटतं.

हिब्रू अक्षरं शिकवायचा वेग जरा जास्त आहे, आपली आपण प्रॅक्टिस करावी लागते.

वेळेचं बघून घ्या. त्यांचा रविवार संध्याकाळी 7 म्हणजे आपला सोमवार पहाटे साडेचार, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेपाच. फी डॉलरमध्ये आहे, आणि रेकॉर्डिंग थोडेच दिवस ठेवतात, तेव्हा पैसे भरायच्या आधी ते किती दिवस राहणार हे विचारून घ्या.