सिंकखालचं दोन इंचांचं भोक: किचन ट्रॉल्या वीस महिने वापरल्यानंतर

ट्रॉल्यांची मापं, चॅनलचे प्रकार, कुठला सनमायका टिकतो हे सगळं तुम्ही आधीच दहा ठिकाणी वाचलं असेल. मी लिहायला बसले ती सिंकखालच्या एका भोकामुळे. वेस्ट पाइप खाली जायला पाडलेलं दोन इंचांचं भोक. त्यापायी आमचे दोन पावसाळे गेले, दुकानदाराशी भांडण झालं आणि शेवटी एक लाख बहात्तर हजारांच्या किचनचा एक भाग तोडून तिथे गवंड्याकडून कडप्पा बसवून घ्यावा लागला.

डोंबिवलीचं भाड्याचं घर सोडून आम्ही नोव्हेंबर २०२३ मध्ये चिपळूणला आलो. नवऱ्याची बदली झाली होती आणि सासूबाईंनाही गावाजवळ राहायचं होतं. दुसऱ्या मजल्यावरचा, पंधरा वर्षं जुना फ्लॅट घेतला. आधीच्या मालकांचा ओटा जुन्या पद्धतीचा होता: कडप्प्याची उभी पार्टिशनं, कडप्प्याच्याच आडव्या फळ्या आणि समोर तारेवर लावलेला पडदा. मला तो पडदा बघवेना. सतरा वर्षं भाड्याच्या घरात दुसऱ्याच्या ओट्यावर स्वयंपाक केला होता, आता आपल्या घरात मनासारखं करायचं हे मी पक्कं ठरवलं होतं.

तळमजल्यावरच्या काकू घर बघायला वर आल्या तेव्हा म्हणाल्या, “तोडू नको गो हा. एकवीसच्या पुरात आमचा सगळा प्लाय फुगला, उचलून टाकून दिला. कडप्पा तेवढा धुतला आणि त्यावर परत चूल मांडली.” २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा त्यांचं घर पूर्ण बुडालं होतं. मी ऐकून घेतलं. मनात म्हटलं, आपण दुसऱ्या मजल्यावर, इथे कुठला पूर येतोय. पाणी वरून, पाइपातून, थेंबाथेंबानेही येतं हे तेव्हा सुचलं नाही.

जानेवारी २०२४ मध्ये काम झालं. कोटेशनवर स्पष्ट लिहिलेलं होतं: ट्रॉल्यांची सगळी खोकी १८ मिलिमीटरच्या बीडब्ल्यूपी (म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या) प्लायची, आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याची, शटरला सनमायका, बास्केट ३०४ ग्रेडच्या स्टीलच्या, प्लायवर दहा वर्षांची वॉरंटी. पैसे तीन हप्त्यांत दिले. शेवटचा हप्ता काम पूर्ण झाल्याच्या संध्याकाळीच देऊन टाकला, ही माझी पहिली चूक. तो निदान एक पावसाळा हातात ठेवायला हवा होता.

पहिले पाच महिने मी खरंच खूश होते आणि त्यातल्या काही गोष्टींबद्दल आजही आहे. तळाचा खोल ड्रॉवर मी तांदळाच्या डब्यासाठी करून घेतला. वीस किलोचा डबा भरलेला असतानाही तो एका बोटाने बाहेर येतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात. आधी डाळीचा डबा काढायला त्या जमिनीवर बसायच्या आणि उठताना ओट्याला धरायच्या. आता उभ्या उभ्या सगळं हाताशी येतं. पहिल्या दिवशी त्यांनी तो ड्रॉवर चार वेळा उघडला, मिटला आणि म्हणाल्या, “हे आधी केलं असतंत तर माझे गुडघे राहिले असते गं.” मला भरून आलं होतं. ताटं-वाट्यांच्या ट्रॉलीचंही तसंच. भिंतीवरचं ताटाळं काढू नका म्हणून त्या हटून बसल्या होत्या, पण महिन्याभरात त्यांनीच ते काढून गावच्या घरी पाठवलं.

एका गोष्टीचा विचार ड्रॉइंग करणाऱ्या मुलाने केला नव्हता आणि तो मी हट्टाने करायला लावला: विळी. कोकणातल्या घरात रोज नारळ खवायचा असतो. विळीला पाट असतो, खवणी पुढे आलेली असते, ती कटलरी ट्रेमध्ये मावत नाही आणि उघड्यावर ठेवली तर मुलीच्या पायाला लागायची भीती. गॅसच्या डाव्या बाजूला आडवी दुमडून ठेवता येईल असा एक सहा इंच उंचीचा ड्रॉवर मी काढून घेतला. किचन करताना आपल्या घरातल्या अशा वस्तू जमिनीवर मांडून मापं द्या. त्यांच्या कॅटलॉगमध्ये विळी नसते.

ओट्याची उंची मात्र चुकली. सगळीकडे चौतीस इंच करतात म्हणून आम्हीही केली. मी पाच फूट तीन इंच, मला ठीक आहे. सासूबाई चार फूट दहा इंच. पोळ्या लाटताना त्यांचे खांदे वर येतात. आता त्या पोळ्या टेबलावर लाटतात.

आता भोक.

जुलै २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात सिंकखालचं दार खाली घासायला लागलं. बिजागरी सैल झाली असेल म्हणून नवऱ्याने स्क्रू आवळला. दोन दिवसांनी परत तेच. मग मी खालचं सगळं सामान काढलं, बादली, साबणाचे डबे, काथ्या, आणि बॅटरी मारून बघितलं. वेस्ट पाइप जिथून खाली जातो त्या भोकाभोवती पांढरा सनमायका उचलला गेला होता आणि हाताच्या पंज्याएवढं तपकिरी वर्तुळ पडलं होतं. बोटाने दाबलं तर मऊ लागलं. आत कुबट वास. खालची फळी फुगून वर आली होती, म्हणून दार घासत होतं. सहा महिन्यांचं किचन आणि हे.

मला त्या रात्री झोप लागली नाही. किचनच्या पैशांतले चाळीस हजार माझ्या मोडलेल्या आरडीचे होते.

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन केला. “प्लायवर दहा वर्षांची वॉरंटी आहे.” उत्तर आलं, “मॅडम, पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही.” मी म्हटलं, “पाण्याला टिकतो म्हणूनच तर तुम्ही तो जास्त दराने विकलात.” त्यावर उत्तर नव्हतं, फक्त “माणूस पाठवतो” एवढंच. सहा-सात आठवडे आणि सात फोन गेले. गणपती ७ सप्टेंबरला होते, त्याच्या आदल्या आठवड्यात एक मिस्त्री आला आणि त्याने दाराची खालची कड रंधून दिली. दार बंद व्हायला लागलं. त्यांच्या लेखी तक्रार मिटली.

माझी खात्री झाली होती की प्लाय खोटा आहे. शिक्का एकाचा, माल दुसऱ्याचा. मी त्याच मिस्त्रींना फुगलेल्या फळीचा तळहाताएवढा तुकडा कापून द्यायला सांगितला. ते बिचारे देईनात, शेवटी दिला. आयएस ७१० च्या प्लायला उकळत्या पाण्यात ७२ तास टिकावं लागतं, हे मी तोवर वाचलं होतं. बहात्तर तास गॅस जाळणं मला परवडणारं नव्हतं. दिवाळीला गावी गेलो तेव्हा न्हाणीची चूल पेटलेलीच होती. जुन्या पातेल्यात हा तुकडा टाकला आणि सोबत आमच्या जुन्या टीव्ही कपाटाच्या साध्या प्लायचा एक तुकडा. साध्या प्लायचे थर दीड तासात सुटले, पत्त्यांसारखे. दुसरा तुकडा आठ तास उकळला आणि त्याचा एकही थर सुटला नाही.

बहात्तर तासांची पूर्ण चाचणी नव्हती ही, पण प्लाय खोटा म्हणायला जागा उरली नाही. दुकानदारावर मी जो मोठा आरोप केला होता तो चुकीचा होता आणि मी फोन करून तसं सांगितलं. ते सांगणं माझं कर्तव्य होतं.

पण त्या तुकड्याने आणखी एक गोष्ट दाखवली. थर सुटले नव्हते, तरी तुकडा जाड झाला होता. अठरा मिलिमीटरचा जवळपास वीस. तेव्हा मला नीट कळलं की हा शिक्का मुख्यतः डिंकाची हमी देतो. साध्या प्लायला युरिया फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो, तो पाण्यात सुटतो. या प्लायला फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा असतो, तो सुटत नाही. पण दोन थरांमधलं लाकूड हे शेवटी लाकूडच. त्याची उघडी कड पाण्यात राहिली तर ते पाणी पिणार आणि फुगणार. वरून-खालून सनमायका आहे, बाहेरच्या कडेला एज बँडिंग, म्हणजे कड झाकणारी चिकटपट्टी आहे, पण ज्या भोकातून पाणी जातं त्या भोकाची कड पूर्ण उघडी. मशीनने भोक पाडलं, पाइप घातला, निघून गेले. सिलिकॉनचा एक थेंबही नाही. सगळं किचन झाकलं आणि नेमकी पाण्याची जागा उघडी ठेवली.

पाणी कुठून येत होतं तेही सापडलं. सिंकच्या जाळीखाली पाइप जोडणाऱ्या वेस्ट कपलिंगचा रबरी वायसर नीट बसलेला नव्हता. नळ सुरू असताना गळत नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. भांडी घासताना सिंक भरलं की पाइपाच्या बाहेरून एक थेंब ओघळत खाली यायचा, थेट भोकाच्या कडेला. शिवाय आमच्याकडे जुलैत हवेतच इतकं पाणी असतं की स्टीलच्या सिंकच्या तळाला घाम येतो. तुम्ही कोरड्या गावात राहत असाल तर कदाचित दहा वर्षं काही होणार नाही. कोकणात सहा महिन्यांत होतं.

वायसर वीस रुपयांचा. नवऱ्याने तो बदलला आणि मी दुकानात पुन्हा फोन केला. प्लाय बरोबर आहे हे मान्य, पण भोक बंद न करणं ही कामातली चूक आहे आणि ती तुमची आहे. त्यांनी तळाची फळी बदलून द्यायचे साडेसहा हजार सांगितले. मी नाही म्हटलं. स्वतः सिलिकॉनची नळी आणून भोक भरलं आणि वाटलं, संपलं.

ती माझी दुसरी चूक. फळी आतून ओली होती. पूर्ण वाळायच्या आधीच मी तिचं तोंड बंद केलं आणि ओल आत कोंडली. जून २०२५ मध्ये पाऊस सुरू झाला आणि वास दुप्पट झाला. मागच्या कोपऱ्यात काळी बुरशी. सासूबाई सिंकपाशी उभ्या राहताना पदर नाकाला लावायला लागल्या. एका रविवारी मी सगळं बाहेर काढलं आणि ठरवलं की इथे लाकूड नकोच.

तळमजल्यावरच्या काकूंनीच त्यांचा गवंडी पाठवला. ऑगस्टमध्ये एका दिवसात काम झालं. सिंकखालची तळाची फळी काढली, बाजूच्या फळ्यांचा फुगलेला चार इंचांचा भाग कापला. विटांवर उचलून कडप्प्याची लादी बसवली, बाजूंना कडप्प्याच्याच पट्ट्या लावल्या. लादीला पुढच्या बाजूला हलका ढाळ दिला, म्हणजे पाणी गळलंच तर दारातून बाहेर येईल आणि दिसेल. दार जुनंच लावलं, बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. कडप्पा नऊशे, गवंडी चौदाशे, प्लंबर आणि नवीन कपलिंग मिळून साडेसहाशे. एकूण २,९५० रुपये. दुकानदाराच्या फळीच्या निम्म्याहूनही कमी, आणि ही फुगणार नाही.

कडप्पा म्हणजे आंध्रातल्या कडप्याहून येणारा काळा चुनखडीचा दगड. पाणी नावापुरतंच पितो. त्याला एकच गोष्ट चालत नाही: आंबट. परवा आमसुलांच्या पाण्याचा टोप तिथे ठेवला होता, त्याच्या बुडाचा पांढुरका डाग उठला. तो डाग जाणार नाही हे मला माहीत आहे, मला त्याचं काही वाटत नाही.

काकूंना वर बोलावून दाखवलं. त्यांनी वाकून लादीवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाल्या, “हां, आता बरं.”

अजून एक गोष्ट ३०४ स्टीलबद्दल. दुकानात चुंबक लावून दाखवतात, “बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४.” यावर विश्वास ठेवू नका. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ हा दुसरा ग्रेड, त्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, ते स्वस्त आणि लवकर गंजणारं, पण चुंबक त्यालाही सहसा चिकटत नाही. ग्रेड बिलावर लिहून घ्या. कोटेशनवर ३०४ होतं, पण आमच्या बिलावर नुसतं ‘एसएस बास्केट’ आहे आणि मासे धुतल्यावर निथळायला ठेवतो त्या बास्केटच्या जोडांवर तांबूस ठिपके आलेत. बिलावर ग्रेड नसल्यामुळे भांडायला जागाच नाही.

कुणी विचारलं, ट्रॉल्या करू का, तर मी करा म्हणेन. ड्रॉवर, विळीची जागा, सासूबाईंचे गुडघे, यासाठी मी पुन्हा पैसे मोजीन. पण सिंकखाली पहिल्या दिवसापासून कडप्पा ठेवीन. प्लायच ठेवायचा असेल तर भोक पाडल्यावर मिस्त्रींना थांबवून आपल्या डोळ्यांदेखत त्याची कड कोरडी असतानाच बंद करून घ्या, आणि सिंक काठोकाठ भरून एकदम सोडून बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

आमच्याकडे अजून एक भोक उरलंय. पाण्याच्या फिल्टरची नळी शेजारच्या खोक्यातून जाते, अर्ध्या इंचाचं आहे. काल बॅटरीने बघितलं, कड उघडीच आहे, पण लाकूड अजून पांढरं आणि कोरडं आहे. येत्या रविवारी नळी काढून ते भरून घेणार आहे.