बाहेरच्या राज्यातल्या कंपनीला कागद कसे द्यायचे: सर्टिफाइड मेल की हातोहात?

कॅलिफोर्नियात स्मॉल क्लेम्स (छोट्या रकमेच्या दाव्यांचं कोर्ट, इथे वकील लागत नाही) टाकताय आणि कंपनी दुसऱ्या राज्यातली आहे, तर केसचे कागद कंपनीला पोचवायचे कसे (यालाच सर्व्ह करणं म्हणतात) हे केस टाकायच्या आधीच बघून घ्या, सगळं तिथेच अडतं. कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (कंपन्यांची नोंद ठेवणारं राज्याचं ऑफिस) बिझफाइल साइटवर कंपनीचं नाव शोधा, फुकट आहे. ब्रँडचं नाव नको, बिलावर बारीक अक्षरात पुढे एलएलसी वगैरे लावलेलं असतं ते नाव. तिथे एजंट फॉर सर्व्हिस ऑफ प्रोसेस (कंपनीच्या वतीने कोर्टाचे कागद घ्यायला नेमलेला) दिसला तर कागद टेक्ससला वगैरे नाही, इथल्याच त्या एजंटला द्यायचे.

आता कसे द्यायचे. सर्टिफाइड मेल (सहीची पावती परत येणारं पोस्ट) कोर्टाचा क्लार्कच पाठवतो, १५ डॉलर, आपल्याला काही करायला नको, म्हणून मी पण तेच केलं (डायनिंग टेबल तडकलेलं आलं होतं, कंपनी रिफंड देईना) आणि पावती परत आली त्यावर नुसती एक रेघोटी, सही कुणाची तेच कळेना, मग तारीख पुढे गेली आणि मला परत सुट्टी काढावी लागली. कंपनीच्या केसमध्ये मी तरी हा मार्ग कुणाला सुचवणार नाही.

दुसऱ्या वेळी मैत्रीण गेली. १८ वर्षांवरचं, केसमध्ये नसलेलं कुणीही चालतं, फक्त आपण स्वतः द्यायचे नाहीत. एजंटचं ऑफिस ग्लेन्डेलला, काउंटरवरच्या बाईंनी कागद घेतले, हिने त्यांचं नाव आणि हुद्दा विचारून तारीख-वेळेसकट एससी-१०४ फॉर्मवर (कागद दिल्याचा पुरावा म्हणून कोर्टात द्यायचा) लिहिलं, खाली सही केली. झालं काम! असं कुणी नसेल तर प्रोसेस सर्व्हर, म्हणजे पैसे घेऊन कोर्टाचे कागद पोचवणारा माणूस, पैसे जास्त घेतो पण फॉर्म नीट भरून देतो. शेरीफचा पर्याय पण असतो, तारीख जवळ आली असेल तर मात्र नको.

दिवस नीट मोजा हं. एजंट कोर्टाच्याच काउंटीत असेल तर तारखेच्या १५ दिवस आधी, दुसऱ्या काउंटीत असेल तर २०, आणि तो भरलेला फॉर्म ५ दिवस आधी कोर्टात.

कंपनीचा इथे एजंटच नसेल तर स्मॉल क्लेम्समध्ये साधारणपणे हात टेकावे लागतात, कारण राज्याबाहेर सर्व्ह करायची मुभा फार थोड्या केसेसना आहे. मग लिमिटेड सिव्हिल, म्हणजे त्यावरचं नेहमीचं दिवाणी कोर्ट, तिथे फी जास्त, वकील येऊ शकतात, पण रिटर्न रिसीट लावून पोस्टाने राज्याबाहेर पाठवता येतं आणि दहाव्या दिवशी कागद पोचले असं धरतात.