ओपॅक वापरून आठ महिने : 'रोजगार'मध्ये ए किती?

परवा कॉलेजच्या वाचनकक्षात एमपीएससीचा अभ्यास करणारा एक मुलगा बसला होता. पंख्यानं नोट्स उडू नयेत म्हणून त्यानं वर एक जाडजूड पुस्तक ठेवलेलं. कणा बघितला आणि माझं डोकंच फिरलं. रोजगार हमी योजनेवरचं मराठी पुस्तक. हेच पुस्तक मी जुलैमध्ये पुण्याला जाऊन, अप्पा बळवंत चौकातून ४८० रुपये मोजून आणलं होतं, एसटीचं तिकीट वेगळं. कारण कॉलेजच्या ओपॅकनं, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या पुस्तकयादीनं, तीनदा सांगितलं होतं की अशी नोंदच नाही. उघडून पाहिलं तर आत आमच्याच ग्रंथालयाचा शिक्का आणि १९९१ सालचा दाखल क्रमांक!

म्हणून हे लिहायला बसलो. पीएचडीचा विषय १९७२चा दुष्काळ आणि रोजगार हमी, आठ महिने रोज ओपॅकशी गाठ.

ओपॅकचं सॉफ्टवेअर कोहा आहे. त्याला नावं ठेवणार नाही. न्यूझीलंडमधल्या ग्रंथालयानं २००० साली सुरू केलं, फुकट आहे आणि माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. घोळ आत भरलेल्या मालाचा आहे. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची कमिटी येणार म्हटल्यावर आमच्याकडे मराठी पुस्तकांच्या नोंदी बाहेरून, नोंदीमागे पैसे ठरवून, घाईघाईत करून घेतल्या. थोड्या देवनागरीत, बाकी रोमनमध्ये. रोमनला हरकत नाही हो, पण एक नियम धरा! अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पद्धतीत 'रोजगार' रोमनमध्ये लिहिताना 'जे' या अक्षरानंतर 'ए' येतो आणि शेवटच्या 'आर'नंतरही येतो. आपण बोलताना गिळतो ते सगळे अकार तिथं लिहून काढतात. दिसायला विचित्र, पण ठरलेलं. आमच्याकडे ज्याच्या कानाला जसं ऐकू आलं तसं.

मी आधी देवनागरीत शोधलं, शून्य. मग व्हॉट्सॲपवर लिहितो तसं रोमनमध्ये, शून्य. मग 'जे'नंतर 'ए' घालून, तरी शून्य. प्रत्यक्ष नोंद कशी होती? 'गा'ला दोन ए, 'हमी'तल्या 'मी'ला दोन ई, आणि 'रोजगार हमी' हे दोन्ही शब्द चिकटवून एक. ज्योतिषालासुद्धा सापडलं नसतं.

देवनागरी नोंदींचंही फार खरं नाही. 'शेतकऱ्यांचा' हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी उमटतो. एकात 'ऱ' हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साध्या 'र'ला न दिसणारं जोडचिन्ह लावलेलं असतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, पण आमच्या ओपॅकला दोन वेगळे शब्द वाटतात. आणि ज्यांना रोजगार हमीचे जनक म्हणतात ते वि. स. पागे? त्यांचं आडनाव रोमनमध्ये टाकलं की इंग्रजीतलं 'पेज' होतं. 'टायटल पेज फाटलेलं' असा शेरा मारलेली झाडून सगळी पुस्तकं समोर हजर. पागे त्यात कुठेच नाहीत.

इथवरचं परवा रात्री लिहिलं होतं. आता थोडं मागे घ्यावं लागतंय.

काल काउंटरवर भांडायलाच गेलो होतो. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, स्टार लावून बघितलंत का?" आर-ओ-जे आणि पुढे चांदणी, म्हणजे पुढचं स्पेलिंग काहीही असो, एवढं टाकलं त्यांनी. 'रोजनिशी'पासून सगळं ओळीनं आलं आणि त्यात माझं ४८० रुपयांचं पुस्तकही आलं. हे म्हणे जूनच्या ओरिएंटेशनमध्ये सांगितलं होतं. मी त्या दिवशी सही करून, चहा पिऊन निघालो होतो. म्हणजे निम्मे पैसे माझ्या आळसाचे धरा.

मग त्यांनीच वर्गांकानं, म्हणजे पुस्तकाला विषयानुसार दिलेल्या आकड्यानं, शोधायला शिकवलं. ड्यूईच्या पद्धतीत ३३१ म्हणजे श्रमाचं अर्थशास्त्र. आकड्याला ना ऱ्हस्व-दीर्घ, ना ए-ई. रोजगार हमीचा कायदा १९७७चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ला. म्हणून प्रकाशनवर्ष १९७५ ते १९९० ठेवलं. अकरा पुस्तकं निघाली, त्यातली सात मला माहीतच नव्हती. एक सोडून सगळी जागेवर मिळाली. आठ महिन्यांत एवढा आनंद झाला नव्हता.

बाकीचं थोडक्यात. एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन नियतकालिकं-पुस्तकांच्या सेवेचं, लॉगिन मागून घ्या, घरबसल्या चालतं आणि इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचे जुने अंक त्यावर आहेत. शोधगंगा, म्हणजे पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन साठा, तर लॉगिनशिवाय खुली. प्रबंधाची शेवटची संदर्भसूची आधी उघडायची, निम्मं शोधकाम तिथंच उरकतं. ओपॅक मात्र कॉलेजच्या आवारातच चालतो, रविवारी विसरा.

संगणकाच्या वर भिंतीवर भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचा फोटो आहे, त्यांच्या जयंतीला १२ ऑगस्टला हार घालतात. खाली त्यांचे पाच नियम. चौथा, 'वाचकाचा वेळ वाचवा'. पैशांबद्दल काही म्हटलेलं नाही.

चुकीच्या नोंदींच्या चौदा चिठ्ठ्या मॅडमना दिल्यात, तीन दुरुस्त झाल्या. पाचपैकी अडीच तारे, त्यातले दोन मॅडमचे. माझी प्रत दुकानदार दीडशेला परत घेतो म्हणतोय. अजून दिलेली नाही.