वर्डमध्ये माऊस की शॉर्टकट?

नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या एका वकिलांकडे टायपिंगला लागलेल्या भाचीनं विचारलं, "मामा, कळांचे शॉर्टकट पाठ करू की माऊसनंच चालवू?"

शिकायला माऊस सोपा, यात वाद नाही. बटणं समोर दिसतात, पाठांतर नाही. टेबलाचा रकाना ओढणं, फोटो जागेवर बसवणं ही कामंही त्याचीच.

वेगात मात्र शॉर्टकट फार पुढे. कोर्टाच्या कागदात ओळींमधलं अंतर सारखं बदलावं लागतं. कंट्रोल+1 एकेरी, कंट्रोल+5 दीडपट, कंट्रोल+2 दुप्पट. हात कळांवरून उठतच नाही. माझी सगळ्यात लाडकी एफ4, शेवटची कृती पुन्हा करणारी. एक परिच्छेद मधोमध घेतला, की पुढच्यावर जाऊन ती दाबायची, झालं. कंट्रोल+एचनं चुकीचं लिहिलेलं पक्षकाराचं नाव सगळ्या पानांवर एकदम बदलतं. मराठी इनस्क्रिप्ट कळफलकावर असतानाही कंट्रोल+बीनं अक्षर ठळक होतं, इंग्रजीवर यावं लागत नाही.

आणि शिकलेलं टिकतं. 2007च्या वर्डमध्ये जुने मेनू जाऊन रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, आली, बटणं शोधता शोधता लोक थकले. कंट्रोल+एस होतं तिथंच राहिलं. लिबरऑफिसवर, म्हणजे वर्डसारख्याच मोफत सॉफ्टवेअरवर, जाणार असाल तर जपून: तिथं कंट्रोल+1 दाबलं की ओळीचं शीर्षक होतं.

महिन्याला एखादं पत्र लिहिणाऱ्याला माऊस पुरे. भाचीसारखं दिवसभर टायपिंग असेल, तर शॉर्टकटच घ्यावेत, आठवड्याला दोन-तीन. अडलं तर ऑल्ट दाबा, रिबनवर अक्षरं उमटतात.